फ्रेंच क्रियापदांची लांबलचक रूपे : अवयव पाडून उच्चारण्याची रीत

फ्रेंच शिकताना वर्तमानकाळ बहुतेकांना सहज जमतो. अपूर्ण भूतकाळ, भविष्यकाळ आणि संकेतार्थ सुरू झाले की मात्र पानावर बारा-पंधरा अक्षरांची रूपे दिसू लागतात आणि बरा वाचणारा विद्यार्थीही मध्येच अडखळतो. ‘देव्हलोपे’ म्हणजे ‘विकसित करणे’. या क्रियापदाचे ‘तसे झाले तर ते विकसित करतील’ अशा अर्थाचे संकेतार्थी रूप फ्रेंचमध्ये 15 अक्षरांत लिहिले जाते. डोळ्यांनी मोजल्यास त्याचे पाच तुकडे पडतात, पण पॅरिसमधला माणूस ते ‘देव्ह-लो-प्रे’ असे तीनच तुकड्यांत म्हणून मोकळा होतो. म्हणजे लांबी बरीचशी कागदावरची असते. कागदावरच्या रूपातून तोंडी रूप काढण्याची एक ठरावीक रीत आहे, आणि ती शब्दाच्या सुरुवातीपासून नव्हे तर शेवटापासून सुरू केली तर फार लवकर हाती येते, असा माझा अनुभव आहे.

आधी काही संकेत ठरवून घेऊ. एका स्वरासह एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याला या लेखात ‘अवयव’ म्हटले आहे. ‘अक्षर’ हा शब्द रोमन लिपीतल्या लिहिलेल्या चिन्हासाठी ठेवला आहे आणि त्या अक्षरांची नावे आपल्या सवयीची, इंग्रजी पद्धतीची घेतली आहेत. देवनागरीत दाखवलेल्या उच्चारांत अवयव आडव्या रेघेने तोडले आहेत. पाय मोडलेले व्यंजन स्वररहित समजावे. जोडाक्षर सलग उच्चारावे. आणि ‘ल’ किंवा ‘झ’ असे साधे अक्षर स्वतंत्र अवयव म्हणून आले तर त्यात ओठ किंचित गोल करून म्हटलेला आखूड ‘अ’ आहे असे मानावे. ‘आँ’ आणि ‘ओँ’ हे नासिक्य स्वर आहेत. ‘यु’ हे चिन्ह त्या खास फ्रेंच स्वरासाठी आहे, जो काढण्यासाठी जीभ ‘ई’च्या जागी ठेवून ओठ ‘ऊ’सारखे करावे लागतात. ‘झ’ हा ‘झिंबाब्वे’मधला, महाप्राण नसलेला, आणि ‘व्ह’ वरचे दात खालच्या ओठाला टेकवून काढायचा.

मराठी भाषकाला यातले बरेच काही आयते मिळालेले असते, पण इंग्रजीच्या सवयीमुळे तो ते वापरत नाही. फ्रेंचमधले ‘त’ आणि ‘द’ दंत्य आहेत, म्हणजे आपल्या ‘तवा’ आणि ‘दार’ यांतले. ‘प’, ‘त’, ‘क’ यांच्यामागे इंग्रजीसारखा हवेचा झोत येत नाही. नासिक्य स्वरांचेही तसेच. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी मराठीतले अनुच्चारित अनुस्वार लिखाणातून काढून टाकले, तरी कोकणातल्या बोलींत आणि गोव्याच्या कोकणीत असे स्वर अजून ऐकू येतात, आणि त्या भागातल्या विद्यार्थ्याला ‘ओँ’ शिकवावा लागत नाही. इतरांनी एवढेच पाहावे की नाकातून स्वर काढताना शेवटी ‘न’ किंवा ‘म’ उमटता कामा नये.

पहिली पायरी : शेपूट ओळखणे

लांब रूप समोर आले की पहिल्या अक्षराकडे पाहूच नये. प्रथम शेवटचा प्रत्यय वेगळा काढावा, कारण फ्रेंच क्रियापदाची सर्वाधिक न उच्चारलेली अक्षरे तिथेच असतात. तृतीय पुरुषी अनेकवचनाचा ‘ई-एन-टी’ हा प्रत्यय क्रियापदात पूर्णपणे मूक असतो. ‘ते बोलतात’ हे ‘इल् पार्ल्’, आणि त्यातले क्रियापद एकाच अवयवाचे आहे. हीच तीन अक्षरे नामाच्या शेवटी आली तर ‘आँ’ असा उच्चार होतो. त्यामुळे ‘अध्यक्ष’ या अर्थाचे नाम ‘प्रे-झि-दाँ’ आणि ‘ते अध्यक्षस्थान भूषवतात’ या अर्थाचे रूप ‘प्रे-झिद्’ ही दोन्ही अगदी सारखी लिहिली जातात. शब्दाआधी ‘इल्’ (ते) किंवा ‘एल्’ (त्या) आहे की नामाचे उपपद आहे, एवढे पाहिले की गोंधळ संपतो.

अपूर्ण भूतकाळात आणि संकेतार्थात हाच प्रत्यय ‘ए-आय-ई-एन-टी’ असा पाच अक्षरांचा होतो, आणि या पाचही अक्षरांचा मिळून उच्चार फक्त ‘ए’ असतो, तोही जरा तोंड उघडून म्हटलेला. नवख्याने हे एक पाठ केले तरी अर्धे काम होते. अभिजात फ्रेंच पद्यात मूक ‘ई’ सुद्धा मोजण्याचा दंडक आहे, पण हा प्रत्यय तिथेही एकच अवयव धरला जातो. यावरून त्यातली उरलेली अक्षरे किती निष्प्राण आहेत हे कळेल.

बाकीची शेपटे थोडक्यात सांगता येतात. ‘ओ-एन-एस’ म्हणजे ‘ओँ’. ‘ई-झेड’ म्हणजे ‘ए’. त्यांच्याआधी ‘आय’ आला तर ‘योँ’ आणि ‘ये’. भविष्यकाळातला प्रथमपुरुषी एकवचनी ‘ए-आय’ हा मिटलेला ‘ए’ आणि संकेतार्थातला ‘ए-आय-एस’ हा उघडा ‘ए’, असा भेद प्रमाण उच्चारात सांगतात. मात्र आज कित्येक फ्रेंच लोक स्वतःच तो पाळत नाहीत, तेव्हा सुरुवातीला त्यावर वेळ घालवू नये. फक्त लिखाणात आढळणाऱ्या साध्या भूतकाळाची रूपे दिसायला भारदस्त असली तरी सोपी आहेत : ‘आम्ही बोललो’ हे ‘नू पार्-लाम्’ आणि ‘ते बोलले’ हे ‘इल् पार्-लेर्’.

दुसरी पायरी : अक्षरांच्या जोड्या बांधणे

शेपूट बाजूला केल्यावर उरलेल्या भागात कोणती अक्षरे मिळून एकच ध्वनी दाखवतात ते पेन्सिलीने अधोरेखित करावे, कारण अशी जोडी मध्ये तोडली की पुढचे सगळेच चुकते. ‘सी-एच’ म्हणजे ‘श’, ‘क्यू-यू’ म्हणजे ‘क’, ‘ओ-यू’ म्हणजे ‘ऊ’, ‘जी-एन’ म्हणजे ‘ञ’ (मराठीत जवळजवळ ‘न्य’), आणि स्वरानंतरचा ‘आय-डबल एल’ म्हणजे बहुधा ‘य’. दोन स्वरांमधला एकटा ‘एस’ हा ‘झ’ होतो आणि दुहेरी ‘एस’ हा ‘स’ राहतो. ‘ए’, ‘ई’ किंवा ‘ओ’ यांच्या पुढे ‘एन’ किंवा ‘एम’ आणि त्यापुढे आणखी व्यंजन असेल, तर तो स्वर नासिक्य होतो आणि ते ‘एन’ वा ‘एम’ उच्चारले जात नाही. ‘एम’ किंवा ‘एन’ दुहेरी असेल तर मात्र स्वर सहसा साधाच राहतो, म्हणून ‘पुन्हा सुरू करणे’ या क्रियापदात दुहेरी ‘एम’च्या आधी ‘को’ आणि त्याच्या पुढे ‘माँ’ येतो : ‘र-को-माँ-से’.

तिसरी पायरी : अवयव पाडणे

आता कुठे तोडायचे, हा प्रश्न येतो. फ्रेंच भाषेला स्वरावर संपणारा अवयव प्रिय आहे. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजनध्वनी असेल तर तो पुढच्या स्वराला जोडावा. दोन व्यंजने असतील तर पहिले मागे आणि दुसरे पुढे जाते : ‘पार्-ले’. पण दुसरे व्यंजन ‘र’ किंवा ‘ल’ असून पहिले ‘प, ब, त, द, क, ग, फ, व्ह’ यांपैकी असेल तर ती जोडी फोडत नाहीत आणि दोन्ही पुढच्या अवयवात जातात. (‘त्ल’ आणि ‘द्ल’ या जोड्या त्याला अपवाद आहेत.) आपण ‘पत्रक’ म्हणताना ‘पत्’वर जोर देतो, फ्रेंच माणूस त्याच जागी ‘त्र’ आख्खा पुढे ढकलतो. ही सवय मोडायला थोडे दिवस लागतात.

इथे एक सावधगिरी. छापील पुस्तकात ओळीच्या शेवटी शब्द तोडताना दुहेरी व्यंजन मधोमध तोडतात, म्हणून ‘विचार करणे’ या क्रियापदाच्या अपूर्ण भूतकाळी रूपात एक ‘एस’ वरच्या ओळीत आणि एक खालच्या ओळीत दिसेल. उच्चारात ‘स’ एकच आहे आणि तो पुढच्या अवयवाचा आहे : ‘रे-फ्ले-शि-से’. छपाईची तोड आणि तोंडाची तोड या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शब्दकोशातली तोड पाहून उच्चार ठरवू नये.

चौथी पायरी : मूक ‘ई’चा निकाल लावणे

खरी मेख इथे आहे. भविष्यकाळ आणि संकेतार्थ यांच्या रूपांत प्रत्ययातल्या ‘आर’च्या आधी बहुधा मात्राचिन्ह नसलेला एक ‘ई’ असतो. तो कधी उच्चारायचा आणि कधी गिळायचा, यावर शब्दाचे अवयव चार की पाच हे ठरते. मराठी वाचकाला असे काही असू शकते हे पटवून द्यावे लागत नाही. आपण ‘सरकार’ लिहितो तेव्हा ‘स-र-का-र’ अशी चार अक्षरे असतात, पण म्हणतो ‘सर्-कार्’ असे दोनच तुकडे. कोणता ‘अ’ उच्चारायचा आणि कोणता नाही हे कोणी न शिकवताही आपल्याला कळते. फ्रेंचमधला हा ‘ई’ त्याच जातीचा आहे, फक्त त्याचे नियम वेगळे आहेत.

मोरीस ग्रामाँ या फ्रेंच भाषावैज्ञानिकाने 1894 मध्ये मांडलेला ‘तीन व्यंजनांचा नियम’ अजूनही नवख्यांसाठी सर्वांत उपयोगी आहे. ‘ई’ गाळल्यामुळे तीन व्यंजने एकापुढे एक येणार असतील तर तो ठेवावा, दोनच येणार असतील तर गाळावा. नेहमीच्या वारांच्या नावांतच तो दिसतो : शनिवार ‘साम्-दि’, पण शुक्रवार ‘व्हाँ-द्र-दि’. क्रियापदांकडे वळलो तर ‘आम्ही देऊ’ हे ‘नू दोन्-रोँ’, कारण ‘ई’ गाळल्यावर ‘न’ आणि ‘र’ अशी दोनच व्यंजने शेजारी येतात. ‘आम्ही बोलू’ हे मात्र ‘नू पार्-ल-रोँ’, कारण तिथे ‘र-ल-र’ अशी तीन व्यंजने आदळली असती. ‘आम्ही दाखवू’ या रूपात ‘त’ आणि ‘र’ आधीच चिकटून आहेत, म्हणून ‘मोँ-त्र-रोँ’. हा नियम पोलादी नाही, त्याला अपवाद बरेच सापडतात आणि भाषावैज्ञानिकांनी त्यावर भरपूर वाद घातले आहेत. पण शिकणाऱ्याने तो पाळला तर त्याचे बोलणे कोणालाही खटकणार नाही.

‘ई’च्या आधी स्वर असेल तर विचारच करायला नको, तो ‘ई’ मूकच. ‘ते अभ्यास करतील’ या अर्थाचे संकेतार्थी रूप ‘ए-त्यु-दि-रे’, आणि ‘आम्ही खेळू’ हे ‘जू-रोँ’ (यातला ‘जू’ मऊ, ‘टेलिव्हिजन’मधल्या ‘ज’सारखा).

आता सगळ्यात जास्त घात करणारी जागा. ‘नू’ (आम्ही) आणि ‘व्हू’ (तुम्ही) यांच्या संकेतार्थी रूपांत ‘आर’नंतर ‘योँ’ किंवा ‘ये’ येतो, म्हणजे ‘र’ आणि ‘य’ ही दोन व्यंजने आधीच ठाण मांडून बसलेली असतात. त्यांच्या आधीचा ‘ई’ गाळला तर तीन होतील. म्हणून भविष्यकाळात गिळलेला ‘ई’ संकेतार्थात पुन्हा उच्चारावा लागतो : ‘दोन्-रोँ’, पण ‘दो-न-र्योँ’. लिखाणात दोन्ही रूपांत फरक केवळ एका ‘आय’चा आहे, उच्चारात मात्र एक आख्खा अवयव वाढतो. भविष्यकाळ पक्का झालेले विद्यार्थी संकेतार्थात हमखास अडखळतात, त्याचे कारण मला हेच दिसते.

फ्रान्सच्या दक्षिण भागात, म्हणजे मार्सेय किंवा तुलूझकडे, हे ‘ई’ पुष्कळदा उच्चारले जातात, आणि गाण्यांतही चाल भरून काढण्यासाठी ते परत येतात. ध्वनिफीत ऐकताना आपण शिकलेल्यापेक्षा एक अवयव जास्त ऐकू आला तर गोंधळू नये.

पाचवी पायरी : ‘आय’ व्यंजन की स्वर

‘योँ’ आणि ‘ये’ या शेपटांतला ‘आय’ एरवी ‘य’ होऊन पुढच्या स्वरात मिसळतो, त्यामुळे वेगळा अवयव होत नाही. ‘आम्ही बोलत असू’ हे ‘पार्-ल्योँ’, ‘आम्ही वाचत असू’ हे ‘लि-झ्योँ’. पण तिसऱ्या पायरीत सांगितलेली न फुटणारी जोडी त्याच्या आधी असेल तर जिभेला ‘द्र्य’ किंवा ‘ब्ल्य’ म्हणणे जड जाते आणि ‘आय’ स्वतंत्र स्वर बनतो. रोजच्या सौजन्याच्या बोलण्यात लागणारी दोन रूपे याचे चांगले उदाहरण आहेत. ‘आपण कराल का’ असे विचारताना ‘करू शकाल’ या रूपात दुहेरी ‘आर’ आहे, त्याचा उच्चार एकच ‘र’, म्हणून ‘पु-र्ये’ असे दोन अवयव. ‘आपल्याला आवडेल’ या रूपात ‘द्र’ आहे, म्हणून ‘व्हू-द्रि-ये’ असे तीन. दुकानात किंवा कचेरीत ‘व्हू-द्र्ये’ म्हणण्याचा आटापिटा करणारे विद्यार्थी उगाच स्वतःचे हाल करून घेतात.

धातूच्याच शेवटी ‘आय’ असेल तर अपूर्ण भूतकाळात दोन ‘आय’ शेजारी लिहिले जातात, आणि ते पाहून छपाईची चूक असावी असे वाटते. ती चूक नव्हे. ‘आम्ही अभ्यास करतो’ हे ‘ए-त्यु-द्योँ’ आणि ‘आम्ही अभ्यास करत असू’ हे ‘ए-त्यु-दि-योँ’. दुसरा ‘आय’ काळ दाखवतो आणि काळजीपूर्वक बोलताना ऐकूही येतो.

आणखी एक सापळा ‘टी-आय-ओ-एन-एस’ या शेवटाचा. नामात तो ‘स्योँ’ असतो हे सर्वांना माहीत असते, आणि म्हणूनच क्रियापदातही तसेच म्हटले जाते. क्रियापदात ‘टी’ हा धातूचा असतो आणि तो ‘त’च राहतो : ‘आम्ही वाहून नेत असू’ हे ‘पोर्-त्योँ’, आणि ‘वाढलेले वाटे’ या अर्थाचे नाम ‘पोर्-स्योँ’. दोन्ही लिहितात अगदी एकसारखे. ज्यांच्या मूळ रूपातच ‘टी’चा ‘स’ होतो, जसे ‘दीक्षा देणे’ या अर्थाचे ‘इ-नि-स्ये’, ती क्रियापदे अपवाद आहेत आणि ती मोजकीच आहेत.

नियमात न बसणारे पण रोज लागणारे एक रूप इथेच सांगून टाकतो. ‘करणे’ या क्रियापदाच्या ‘आम्ही करतो’ या रूपात ‘ए-आय’ लिहितात, तरी उच्चार ‘फ-झोँ’ असा आखूड ‘अ’चा आहे, अपूर्ण भूतकाळातही ‘फ-झ्योँ’.

सहावी पायरी : मागून पुढे जोडत म्हणणे

आता रूप प्रत्यक्ष म्हणून पाहू. ‘आम्ही पुन्हा सुरू करू’ या अर्थाचे संकेतार्थी रूप घ्या. शेवट ‘योँ’, त्याच्या आधी ‘र’, म्हणून ‘र्योँ’. त्याच्या आधीचा ‘ई’ गाळायचा नाही, कारण ‘र’ आणि ‘य’ पुढे उभे आहेत, म्हणून ‘स-र्योँ’. मग ‘माँ-स-र्योँ’, मग ‘को-माँ-स-र्योँ’, आणि अखेर ‘र-को-माँ-स-र्योँ’. प्रत्येक वेळी शेवटपर्यंत जायचे. असे म्हटल्याने प्रत्येक फेरी आधीच जिभेवर बसलेल्या भागावर संपते आणि दम ऐन शेवटी तुटत नाही. याच क्रियापदाचे ‘ते’ साठीचे रूप त्याच रीतीने केले तर ‘ई’ गळतो आणि ‘र-को-माँस्-रे’ असे चारच अवयव उरतात. (पहिल्या ‘र’मधला ‘अ’ही भरभर बोलताना गळू शकतो, नवख्याने तो ठेवावा.)

‘सोबत करणे’ या क्रियापदाची जोडीही अशीच करून पाहावी. ‘ते’ साठी ‘आ-कोँ-पाञ्-रे’, ‘आम्ही’साठी ‘आ-कोँ-पा-ञ-र्योँ’. ‘समजावून सांगणे’ या क्रियापदाच्या ‘ते’ साठीच्या रूपात ‘क्यू-यू-ई-आर’ अशी अक्षरांची गर्दी दिसते, पण जोडी बांधली आणि ‘ई’ गाळला की ‘क’ आणि ‘र’ एकत्र येतात आणि ‘एक्-स्प्लि-क्रे’ एवढेच राहते. सुरुवातीला प्रत्येक अवयवाला बोट मोडत म्हणावे, कारण जास्तीचा अवयव कानाच्या आधी बोटांना सापडतो.

जोर कुठे द्यायचा, हा प्रश्न इंग्रजी माध्यमातून आलेले विद्यार्थी हटकून विचारतात. फ्रेंचमध्ये शब्दसमूहाचा शेवटचा अवयव किंचित लांबतो. बाकीचे सगळे सारख्याच वजनाने, सारख्याच वेगाने जातात आणि त्यातला एकही स्वर इंग्रजीसारखा अंग चोरत नाही. पहिल्या अवयवावर हातोडा मारून पुढचे घाईत उरकण्याची सवय घातक आहे, कारण काळ आणि पुरुष दाखवणारा भाग नेमका त्या घाईत हरवतो.

शेवटी रूप सर्वनामासह म्हणावे, कारण फ्रेंच क्रियापद एकटे फारसे भेटत नाही आणि सर्वनाम जोडले की अवयवांची सरहद्द सरकते. क्रियापद स्वराने सुरू होत असेल तर अनेकवचनी ‘इल्’, ‘नू’, ‘व्हू’ यांच्या शेवटचा एरवी मूक असलेला ‘एस’ जागा होतो आणि ‘झ’ बनून पुढच्या अवयवात शिरतो : ‘इल्-झे-त्यु-दि-रे’, ‘नू-झा-कोँ-पा-ञ-र्योँ’. प्रश्न विचारताना सर्वनाम मागे गेले तर शेपटातला ‘टी’ही उच्चारावा लागतो. लेखाच्या आरंभी दिलेले रूप प्रश्नार्थक केले की ‘देव्ह-लो-प्रे-तिल्’ होते, आणि ‘ते बोलतात का’ हे ‘पार्-ल-तिल्’. ‘तो बोलेल का’ या रूपात क्रियापदाच्या शेवटी ‘टी’ मुळात नाहीच. तरी दोन स्वर आदळू नयेत म्हणून तो मध्ये घालतात, लिहिताना दोन्ही बाजूंना आडवी रेघ देतात आणि म्हणताना पुढच्या अवयवाला जोडतात : ‘पार्-ल-रा-तिल्’.